पाकिस्तानचा माल बंद केला की नक्की कोणाच्या खिशाला चाट बसते?

प्रश्न सांगलीहून आलाय, किराणा होलसेलचं दुकान चालवणाऱ्या एका भावाचा. थोडक्यात असा, की पाकिस्तानसारख्या शत्रू शेजाऱ्याची आयात सरकारने पूर्ण बंद केली तर त्यांचं खरंच कंबरडं मोडतं का, की शेवटी आपल्यालाच महाग पडतं? आणि जाता जाता दुसरं, की एक पार्टी 'दुबई माल' म्हणून खारीक मार्केटपेक्षा बऱ्याच कमी भावात देतेय, घेऊ का? दुसऱ्याचं उत्तर शेवटी देतो, कारण पहिलं नीट समजलं तरच ते समजेल.

आधी माझी ओळख. मी २६ वर्षं न्हावा शेवा बंदरात क्लिअरिंगचं, म्हणजे बाहेरून आलेला माल कस्टममधून सोडवून द्यायचं काम करतोय, ड्रायफ्रूट, मसाले आणि थोडं केमिकल. इकॉनॉमिस्ट वगैरे नाही, त्यामुळे ग्राफ काढून दाखवणार नाही, पण बंदीचा कागद निघतो त्या रात्री कोणाकोणाचे फोन येतात आणि ते रडत असतात की हसत असतात एवढं मला पक्कं माहितीय. हसणारेही असतात बरं का, त्यांच्याकडे येतोच.

आता आकडा बघा. २०१७-१८ मध्ये आपण पाकिस्तानकडून साधारण ४८ कोटी ८५ लाख डॉलरचा माल घेतला आणि त्यांना १९२ कोटी डॉलरचा विकला. त्या वर्षी आपली एकूण आयात होती ४६५ अब्ज डॉलरच्या आसपास. म्हणजे पाकिस्तानचा वाटा हजारात एक. त्यांच्या बाजूने बघितलं तर त्यांची जगभरातली निर्यात तेव्हा २३ अब्ज डॉलरच्या घरात होती, म्हणजे आपण त्यांचे २ टक्क्यांचे गिऱ्हाईक. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात ते खरं, पण २ टक्के म्हणजे नाक नाही, करंगळी झाली. करंगळी दाबली की दुखतं, ओरडतो माणूस, पण श्वास चालू राहतो.

त्यामुळे टीव्हीवर जे 'पाकिस्तान भिकेला लागणार' चालतं ते आकड्यात बसत नाही. पण म्हणून काहीच फरक पडत नाही असं जे दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतात तेही खोटंच आहे. एकूण आकडा बघायचाच नसतो इथे. देश नका बघू, माल बघा. एकेक वस्तू हातात घ्या आणि विचारा की हिला दुसरा विकणारा किती लांब आहे. सगळा हिशोब त्या लांबीचा आहे.

सिमेंट घ्या. पाकिस्तानी सिमेंट अमृतसरजवळच्या अटारी बॉर्डरवरून पंजाबात यायचं, समुद्रमार्गेही यायचं, सगळ्यात मोठ्या आयटमपैकी एक होतं ते. बंद झाल्यावर काय झालं? काही नाही. भारत जगात दोन नंबरचा सिमेंट बनवणारा देश आहे, अमृतसरच्या बिल्डरने दुसऱ्या दिवशी इथल्याच कंपनीला फोन लावला असेल, पोत्यामागे थोडे जास्त दिले असतील, संपला विषय.

आता खारीक घ्या. इथे गंमत वेगळी आहे. आपल्याकडे खारीक म्हणजे नुसता खाऊ नाही ना, ओटी भरायला खारीक लागते, बाळगुटीत लागते, बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात खारीक-खोबरं लागतं, थंडी पडली की खारकेची पूड दुधातून. आणि ही खारीक वर्षानुवर्षं जवळजवळ सगळी यायची सिंधमधून, खैरपूर-सक्करच्या पट्ट्यातून. तिथे अर्धकच्चा खजूर उकडून उन्हात वाळवतात आणि तो धंदा पिढ्यान् पिढ्यांचा आहे, तोही मुख्यतः आपल्यासाठीच, कारण अरब लोक मऊ खजूर खातात, वाळकी कडक खारीक एवढी खाणारे आपणच. तुम्ही म्हणाल कच्छमध्ये खजूर होतो की. होतो, चांगला होतो, पण तो पिवळा-लाल ताजाच विकला जातो, काढणीच्या तोंडावर पाऊस येऊन उभा राहतो आणि तेवढ्या प्रमाणावर वाळवायची व्यवस्था तिथे उभी राहिलेली नाही. म्हणजे एका बाजूला एकच विकणारा आणि दुसऱ्या बाजूला एकच घेणारा. अशा ठिकाणी बंदी घातली की दोघांनाही खरी लागते. खैरपूरच्या शेतकऱ्याचा भाव पडतो आणि सांगलीतल्या बाईला ओटीची खारीक महाग मिळते, आणि मधला जो फरक आहे तो कोणाच्या तरी तिसऱ्याच्या खिशात जातो.

शेंदेलोणाचंही तसंच. उपवासाचं मीठ, सैंधव, जे आजकाल 'हिमालयन पिंक' म्हणून काचेच्या बरणीत चौपट भावात विकतात, ते पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणीतलं. आपल्याकडे हिमाचलात मंडी जिल्ह्यात द्रंगला खाण आहे, पण खेवड्याच्या मानाने ती फारच छोटी. म्हणजे एकादशीला शुद्ध म्हणून जे मीठ खायचं ते आलेलं असायचं पाकिस्तानातल्या झेलम जिल्ह्यातून. असो.

आता १६ फेब्रुवारी २०१९ ची रात्र सांगतो, कारण बंदीचा खर्च कुठून सुरू होतो ते त्यात दिसतं. १४ तारखेला पुलवामा झालं, १५ ला सरकारने एमएफएन (मोस्ट फेवर्ड नेशन) दर्जा काढला जो १९९६ पासून दिलेला होता. एमएफएन म्हणजे लोकांना वाटतं काहीतरी लाडका देश, तसं नसतं, बाकीच्यांना जी ड्युटी लावता तीच यालाही लावा एवढाच त्याचा अर्थ. तो काढला तेव्हा आम्हाला वाटलं चला, पाच-दहा टक्के वाढतील. आणि १६ ला, शनिवारी, रात्री नोटिफिकेशन आलं की पाकिस्तानच्या सगळ्या मालावर सरसकट २०० टक्के ड्युटी. सगळ्या म्हणजे सगळ्या, खारीक असो की चामडं असो की सिमेंट.

माझ्या एका पार्टीचे दोन कंटेनर तेव्हा कराचीहून निघालेले होते. ५५ टन खारीक, इन्व्हॉइस ३० लाखांच्या आसपास, पैसे बँकेतून गेलेले. बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचा कस्टमकडे द्यायचा कागद, आम्ही आगाऊ भरून ठेवलेलं होतं १३ तारखेलाच, आणि पार्टी मला फोनवर ओरडून सांगत होती की आपण तर आधी भरलंय, आपल्याला जुनाच रेट. मी त्याला समजावून थकलो की समुद्राने माल येतो तेव्हा बिल भरल्याची तारीख आणि जहाजाला बंदरात एंट्री मिळाल्याची तारीख, यातली जी नंतरची ती धरतात. जहाज लागलं १८ ला. म्हणजे ३० लाखांच्या मालावर ६० लाख ड्युटी, वर जीएसटी वेगळा. शेवटी त्याने काय केलं, तर मालावरचा हक्क सोडला, कस्टम कायद्यात तशी सोय आहे, ड्युटी द्यावी लागत नाही पण मालही जातो. शिपिंग लाइनचं डिटेन्शन (कंटेनर अडकवून ठेवल्याचे पैसे) आणि यार्डाचं भाडं मात्र मागे लागलंच. ती खारीक तशीच पडून राहिली, पावसाळा गेला, आत पोरकिडे झाले, आणि मग नष्ट करा म्हणून ऑर्डर निघाली. ५५ टन. पाकिस्तानी विकणाऱ्याला त्याचे पैसे पूर्ण मिळालेले होते हे लक्षात घ्या. त्या एका सौद्यात धडा कोणाला शिकवला गेला ते तुम्हीच बघा.

ज्यांचा माल १६ तारखेलाच अटारीला ट्रकने आलेला होता त्यांचं नशीब बरं निघालं. त्यांनी संध्याकाळच्या आत बिलं भरली होती आणि कस्टम म्हणालं की नाही, तारीख १६ आहे ना, मग २०० टक्के द्या. केस पंजाब-हरियाणा हायकोर्टातून सुप्रीम कोर्टात गेली आणि सप्टेंबर २०२० मध्ये निकाल आला. न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या बेंचने चक्क घड्याळ बघितलं. नोटिफिकेशन ई-गॅझेटवर अपलोड झालं ते रात्री ८ वाजून ४६ मिनिटं ५८ सेकंदांनी, त्याच्या आधी ज्यांनी बिल भरलं त्यांना जुना रेट. आमच्या धंद्यात तो निकाल अजून सांगतात, सेकंदावर कोट्यवधीची ड्युटी ठरली म्हणून. पण त्यालाही दीड वर्ष गेलं, आणि दीड वर्ष माल आणि पैसा अडकलेला छोटा व्यापारी उभा राहतोच असं नाही.

बरं, २०० टक्क्यांनी काय साधलं? कागदावर जबरदस्त काम झालं. २०१८-१९ मध्ये ४९.५ कोटी डॉलरची आयात होती ती पुढच्या वर्षी १.४ कोटीवर आली. नंतर तर नावालाच. एप्रिल २०२४ ते जानेवारी २०२५ या दहा महिन्यांत फक्त ४ लाख २० हजार डॉलर, म्हणजे मुंबईत एक बरा फ्लॅट येईल एवढे. म्हणून पहलगामनंतर २ मे २०२५ ला डीजीएफटीने, म्हणजे केंद्राच्या परदेश व्यापार खात्याने, जी संपूर्ण बंदी काढली तेव्हा पेपरात 'मोठा आर्थिक दणका' वगैरे हेडलाइन होत्या आणि आम्ही ऑफिसात एकमेकांकडे बघत होतो की अरे बंद करायला राहिलंय काय?

पण राहिलं होतं. नोटिफिकेशनमधला महत्त्वाचा शब्द होता 'प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष'. आणि इथेच खरी गोष्ट सुरू होते.

खारीक २०१९ नंतर मार्केटमधून गायब झाली का? तुमच्या दुकानातून झाली का? नाही ना. ओटी भरणं चालूच आहे, लाडू चालूच आहेत. मग आली कुठून? कागदावर आली दुबईहून. आता दुबईत एवढी खारीक पिकते का, हा प्रश्न मी जाहीरपणे विचारत नाही, माझी रोजीरोटी त्याच बंदरावर आहे. पण डीआरआयने, म्हणजे तस्करी पकडणाऱ्या सरकारी खात्याने, विचारला. बंदीनंतर दोनच महिन्यांत, जून २०२५ मध्ये त्यांनी न्हावा शेवाला ३९ कंटेनर पकडले, ऑपरेशनचं नाव डीप मॅनिफेस्ट, १,११५ टन माल, किंमत साधारण ९ कोटी, कागदावर यूएईचा आणि खरं तर कराचीहून दुबईच्या जेबेल अली बंदराला जाऊन तिथून दुसऱ्या कंटेनरमध्ये भरून आलेला.

आता जरा भागाकार करा. ९ कोटी भागिले ११ लाख १५ हजार किलो, म्हणजे किलोला ८० रुपयांच्या आसपास. त्यावर बंदीआधीची २०० टक्के ड्युटी म्हणजे १६० रुपये. हा १६० रुपयांचा फरक म्हणजे चोराला दिलेलं आमंत्रण आहे हो. कराची ते जेबेल अली दोन-तीन दिवसांचा प्रवास, तिथे कंटेनर बदला, बिल ऑफ लेडिंग (जहाजाची माल-पावती) नवीन करा, ओरिजिनचा नवा दाखला मिळवा, परत इकडे. या सगळ्याला किलोमागे १५-२० रुपये लागले तरी केवढं सुटतं बघा. ड्युटी जेवढी जास्त तेवढा हा खेळ फायद्याचा. सरकारला ती २०० टक्के ड्युटी मिळत नाही, आपल्या गिऱ्हाइकाला माल महाग, पाकिस्तानी शेतकऱ्याला भाव कमी, आणि मधला दुबईवाला, ज्याला या भांडणात काही घेणंदेणं नाही, तो मजेत. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ ते हेच.

आणि हे आजचं नाही. बंदी नव्हती तेव्हाही दोन्हीकडच्या अडवणुकीमुळे आडवाटेने माल जायचाच. दिल्लीच्या इक्रिअर संस्थेने २०१२-१३ साठी अंदाज काढला होता की असा अनौपचारिक व्यापार ४.७१ अब्ज डॉलरचा आहे, म्हणजे सरळ व्यापारापेक्षा जास्त. त्यात आपला माल तिकडे जाणाराच बहुतेक होता. म्हणून मी म्हणतो की बंदीने माल क्वचित थांबतो, त्याचा रस्ता आणि त्याचे कागद बदलतात.

मग २०२५ च्या बंदीने नक्की काय बदललं? धोका बदलला. २०० टक्क्यांच्या काळात पकडला गेलात तर ते ड्युटी चुकवणं होतं, ड्युटी भरा, दंड भरा, माल सोडवून न्या, अशी वाट असायची. आता तो माल प्रतिबंधित झाला. कायद्यात फरक एका शब्दाचा आहे, साध्या जप्त मालात अधिकाऱ्याने दंड घेऊन सोडवायचा पर्याय द्यावाच लागतो, प्रतिबंधित मालात देऊ शकतो, दिलाच पाहिजे असं नाही. वर जूनच्या त्या प्रकरणात आयात करणाऱ्या फर्मचा पार्टनर अटक झाला. त्यामुळे दुबईवाला आता जोखमीचे जास्त पैसे मागतो आणि तेही शेवटी तुमच्या भावात येतात. बंदी परिणामकारक झाली म्हणजे काय झालं, तर आडवाट महाग झाली. तिचा उद्देशच तो असेल तर जमलंय म्हणायचं.

आता सगळ्यात जास्त कोणाचं गेलं ते. आकड्यात न दिसणारं. २०२१ मध्ये एका कामासाठी अमृतसरला गेलो होतो, म्हटलं अटारीला जाऊन बघू. २०१२ साली एवढं मोठं चेकपोस्ट बांधलं होतं तिथे, गोडाऊन, स्कॅनर, ट्रकांसाठी भलंमोठं पार्किंग. गेलो तेव्हा पार्किंगमध्ये कुत्री झोपलेली. रस्त्यावर एक वजनकाटा होता, त्याच्या मालकाने लोन काढून काटा बसवलेला, तो म्हणाला दिवसाला शंभर गाड्या करायचो, आता भंगारवाले येतात तेवढेच. ताडपत्री विकणारा, पंक्चरवाला, ढाबा, हमाल, तिथले आमचे क्लिअरिंगवाले भाऊबंद. दिल्लीच्या ब्रीफ नावाच्या संस्थेने मोजलं तेव्हा एकट्या अमृतसर भागात ९ हजारांहून जास्त कुटुंबांना झळ बसलेली निघाली. देशाच्या हिशोबात हजारात एक, आणि अटारीत शंभरातले शंभर. म्हणूनच एकूण आकडा बघू नका म्हणतो. सुक्याबरोबर ओलंही जळतं ते असं, फक्त जळणारा नेहमी बॉर्डरवरचा असतो आणि टाळ्या वाजवणारा नेहमी आमच्यासारखा लांब मुंबईत बसलेला.

आणि अफगाणिस्तान! त्यांच्याशी तर आपलं भांडण नव्हतं. पण त्यांचं अंजीर, मनुका, हिंग हे यायचं वाघा-अटारीवरूनच. एप्रिल २०२५ मध्ये अटारी बंद केलं तेव्हा अफगाण ट्रक पलीकडे अडकून पडले, मग मे महिन्यात खास परवानगी देऊन १६० ट्रक आत घेतले. अंजीर तर आपण जवळपास सगळं त्यांच्याकडूनच घेतो, वाशीच्या मार्केटमध्ये त्या दिवसांत भाव सकाळी एक आणि दुपारी एक असा चालू होता. बाकी माल मग इराणवरून फिरून किंवा विमानाने. वड्याचं तेल वांग्यावर.

तिकडच्या बाजूचं पण बघायला हवं, नाहीतर उत्तर अर्धवट. पाकिस्तानने ऑगस्ट २०१९ मध्ये, ३७० कलमानंतर, आपल्याशी सगळा व्यापार थांबवला. म्हणजे आपण त्यांच्याकडून घ्यायचं बंद केलं त्यापेक्षा त्यांनी आपल्याकडून घ्यायचं बंद केलं ते त्यांनाच जास्त महागात गेलं असं माझं स्पष्ट मत आहे. महिनाभरातच औषधांवरची बंदी त्यांना उठवावी लागली, कारण त्यांच्या फार्मा कंपन्यांचा कच्चा माल इकडचा, आणि साप चावल्यावरचं इंजेक्शन आणि कुत्रा चावल्यावरची लस इकडची. नोव्हेंबर २०१९ मध्ये कराचीत टोमॅटो ३०० रुपये किलोच्या पुढे गेला. त्यांचे अर्थ सल्लागार हफीज शेख कॅमेऱ्यासमोर म्हणाले की मंडीत १७ रुपये किलो मिळतोय, आणि त्यावर तिकडचे लोकच इतके हसले की विचारू नका. आमच्या पिंपळगाव बसवंतचा टोमॅटो एकेकाळी अटारीवरून तिकडे जायचा, आणि कितीतरी वेळा इकडे पोरं टोमॅटो रस्त्यावर ओतत असायची आणि तिकडे ३०० रुपये.

साखरेचं तर अजून मजेशीर. ३१ मार्च २०२१ ला त्यांचे अर्थमंत्री हम्माद अझहर यांनी जाहीर केलं की भारतातून साखर आणि कापूस आणायला परवानगी, कारण आपली साखर त्यांच्याकडच्यापेक्षा १५-२० टक्के स्वस्त. कोल्हापूरचा एक ब्रोकर ओळखीचा आहे, त्याने त्या संध्याकाळी मला फोन करून कंटेनरचं भाडं विचारलं. दुसऱ्या दिवशी १ एप्रिल, आणि त्यांच्या कॅबिनेटने निर्णय फिरवला. ब्रोकरला वाटलं एप्रिल फूल करतोय मी. २०२२ च्या पुरातही तेच, अर्थमंत्री म्हणाले भारतातून भाजी आणू, आणि शेवटी कांदा-टोमॅटो आणला इराण-अफगाणिस्तानातून. म्हणजे बंदी घालणं एका रात्रीचं काम आहे, उठवणं मात्र कुठल्याही सरकारला जमत नाही, दोन्हीकडच्या. अर्थशास्त्राने उठवायची म्हटली तरी राजकारण उठवू देत नाही. हा छुपा खर्च कोणी धरत नाही.

आणि वर्षं गेली की दुसरंच काहीतरी होतं, त्यासाठी जुनी गोष्ट सांगतो. १९४९ साली सप्टेंबरमध्ये भारताने रुपयाची किंमत कमी केली, पाकिस्तानने केली नाही, दरावरून भांडण झालं आणि व्यापार ठप्प. तेव्हा ताग पिकणारा बहुतेक भाग पूर्व बंगालमध्ये गेलेला आणि तागाच्या गिरण्या सगळ्या इकडे, कलकत्त्याला हुगळीकाठी. गिरण्यांना ताग मिळेना. आपल्या मुंबईच्या कापड गिरण्यांचंही तेच, सिंध-पंजाबचा लांब धाग्याचा कापूस तुटला. मग इकडे तागाची लागवड वाढवली, चांगल्या भाताच्या जमिनीत, अन्नधान्याची टंचाई असताना. आणि तिकडे त्यांनी नारायणगंजला आदमजी गिरणी काढली जी पुढे जगातली सगळ्यात मोठी ताग गिरणी म्हणवली गेली आणि आपल्याच गिरण्यांशी परदेशात स्पर्धा करायला लागली. एक तुटलेला व्यवहार आणि दोन्ही बाजूंनी तीच वस्तू दोनदा उभी केली. काही लोक याला आत्मनिर्भरता म्हणतील, काही पैशाची नासाडी, मला दोन्ही थोडं थोडं वाटतं. आता मात्र पाकिस्तानी लॉन सूटची हुबेहूब कॉपी सुरतमध्ये बनते आणि 'पाकिस्तानी सूट' याच नावाने जोरात खपते, त्याचा आनंद आहेच.

मग कोणीतरी म्हणतंच की पाकिस्तान सोडा, चीनचं बंद करा. करा की. गलवाननंतर २०२०-२१ मध्ये आपण चीनकडून ६५ अब्ज डॉलरचं घेतलं, टीव्ही फोडण्याचे व्हिडिओ त्याच काळातले. २०२४-२५ मध्ये घेतलं ११३ अब्ज डॉलरचं. ॲप बंद केली, गुंतवणुकीला चाळणी लावली, पण मालाला हात लावला नाही कोणी, कारण तिथे करंगळी आपली आहे आणि दाबणारा हात त्यांचा. औषधांचा कच्चा माल, सोलरचे सेल, मोबाइलचे पार्ट. २०२५ मध्ये चीनने गाड्यांच्या मोटरला लागणाऱ्या मॅग्नेटच्या निर्यातीवर लायसन्स लावलं तर इकडे गाड्यांच्या कंपन्यांची धावपळ झाली. म्हणजे बघा, जिथे बंदीने आपलं काही बिघडत नाही तिथे ती सहज निघते, आणि जिथे समोरच्याचं खरंच बिघडेल एवढा धंदा आहे तिथे आपलंही तेवढंच बिघडतं म्हणून निघत नाही.

बांगलादेशचा मधला प्रकार आहे. मे २०२५ मध्ये तिथल्या रेडिमेड कपड्यांना जमिनीवरच्या चेकपोस्टवरून यायला बंदी केली, फक्त कलकत्ता आणि न्हावा शेवा. बंदी नाही, रस्ता लांबवला फक्त. जो शर्ट बेनापोलच्या चेकपोस्टवरून एका दिवसात आत यायचा तो आता जहाजाने फिरून येतो. आम्हाला काम वाढलं, खोटं कशाला बोलू. सुरुवातीला हसणारे म्हटलं ना, त्यात कधीकधी आम्हीही असतो.

एक कांद्याचं सांगून मूळ मुद्द्यावर येतो, कारण सांगलीच्या माणसाला ते सांगायलाच हवं. डिसेंबर २०२३ मध्ये आपण आपल्याच कांद्याची निर्यात बंद केली, मे २०२४ पर्यंत. तेव्हा दुबई, श्रीलंका, मलेशियात लासलगावच्या कांद्याची जागा कोणी घेतली? पाकिस्तानने. त्यांचा माल आपण अडवतो त्याने त्यांचं जेवढं जातं आणि आपला कांदा आपणच अडवल्यावर त्यांना जेवढं मिळतं, या दोन आकड्यांची तुलना एकदा कोणीतरी नीट करायला हवी, नाशिकवाले तर तोंडी करून दाखवतात.

बंदी चूक आहे का? तसं मी म्हणत नाही. माणसं मारली जातात आणि आपण बॉर्डरवर पोती मोजत बसायचं हे मलाही पटत नाही. जागतिक व्यापाराच्या नियमातही देशाच्या सुरक्षेसाठी असं करायची मुभा आहे. फक्त तो राग आहे, त्याची किंमत आहे, आणि ती किंमत अटारीच्या हमालाने आणि एखाद्या छोट्या इम्पोर्टरने भरली, तर त्यांना काहीतरी द्या की. २०१९ ला आधीच समुद्रात असलेल्या मालाला सूट दिली असती तर पाकिस्तानला एक पैसा जास्त गेला नसता, पैसे गेलेलेच होते.

आता तुमची खारीक. पार्टीला आधी कंटेनर नंबर मागा, अकरा कॅरेक्टरचा असतो, चार अक्षरं सात आकडे, आणि तो शिपिंग लाइनच्या वेबसाइटवर टाकून मागचा प्रवास बघा. जेबेल अलीला रिकामा येऊन भरला असेल तर तेवढ्यावर समाधान मानू नका, कारण आता हुशार लोक तिथे कंटेनरच बदलतात. बिल ऑफ एंट्रीची कॉपी मागा, ओरिजिनचा दाखला मागा, आणि दाखल्यावर पॅकिंग कोणाचं आणि कुठल्या गावचं आहे ते वाचा. मग गोडाऊनला जाऊन पोतं स्वतः उसवून बघा. मी एकदा बघितलंय, बाहेरचं पोतं कोरं करकरीत, यूएईचा छाप, आणि आत दुसरं पोतं, त्यावर घासून पुसलेली उर्दू अक्षरं, सक्कर एवढं तरी वाचता येत होतं. इराण, इराक, ओमानचाही माल आता येतो, तो जरा वेगळा दिसतो आणि स्वस्त तर अजिबात नसतो, तुमची नजर रोजची आहे, ओळखाल. भाव मार्केटपेक्षा किलोला ३०-४० कमी सांगतोय आणि कागद मागितल्यावर 'शेठ तुम्हाला कशाला, जीएसटी बिल आहे ना' म्हणतोय, तर घेऊ नका. तपास आला की जप्ती तुमच्या गोडाऊनमधून होते, बंदरातून निघालेल्या मालाचीही होते, आणि तेव्हा ती पार्टी फोन उचलत नाही.